चौथा ठिपका

फ्लोरिन हावरं, लोबो मॅडम म्हणायच्या,
कार्बनच्या ताटातलं स्वतःकडे ओढतं
आणि एकदा धरलेला हात सोडत नाही.
तव्याला धिरडं चिकटत नाही, ते ह्याच हट्टापायी.

साखळीत एका कार्बनला दोन हायड्रोजन,
शेजारच्याला दोन फ्लोरिन,
पुन्हा तेच, पुन्हा तेच, मैलभर.
एक कूस अधिक, एक कूस उणी.
पण साखळी जात्याच मुरडणारी:
एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे,
आणि अख्ख्या पापुद्र्याची बेरीज शून्य,
चेंबूरमधल्या आमच्या सोसायटीच्या मीटिंगसारखी.

ती फिल्म मी ताणायचे.
ऐंशी अंशांवर, चारपाचपट,
धुतलेली चादर दोघींनी दोन टोकांना धरावी तशी.
साखळ्या सरळ व्हायच्या.
मग वरून विजेचा जबर दाब,
की सगळे फ्लोरिन एका बाजूला.
त्यानंतर नुसती टिचकी मारली तरी पडद्यावर रेघ उसळायची.
मनगटाला चिकटवली तर माझीच नाडी
मला हिरव्या शाईत दिसायची.

पुढे साखळीत तिसरा फ्लोरिन आला.
मुरडायला जागाच उरली नाही,
साखळी उभ्याउभ्याच सरळ.
ताणायचं काम संपलं.
मला वाटलं, आता मीही संपले इथली.

मग मॅडमनी अधूनमधून क्लोरिन घातलं.
ढब्बू, रांगेत गोणी घेऊन घुसणारं.
रांग मोडली, छोटी छोटी टोळकी झाली.
मी म्हटलं, बिघडलं की हो.
"अगं, हेच हवं होतं.
वीज आली की एकजूट, गेली की विसर.
मनात धरून बसणारं इथे चालायचं नाही."

फिल्म ओतताना खोली कोरडी लागते.
मुंबईच्या हवेत पाणीच फार,
ते शिरलं की काच दुधाळ होते,
आत डोळ्यांना न दिसणारी भोकं.
त्या दिवशी एक कडा थोडी पांढरट आली.
थोडीच.
भाव आठवला. मी ती कडाही कापून वापरली,
चौथ्या ठिपक्याखाली.

हसुराम तांडेल माहुलचे.
पोर्टाच्या टेलिफोन एक्स्चेंजात तीस वर्षं,
डोळे लहानपणीच गेलेले.
टेबलावर सहा ठिपक्यांचं एकच घर,
प्रत्येकाखाली पापुद्र्यांची गड्डी,
वर येणार खसखशीएवढं.
मी त्यांचं गाव टाइप केलं, अक्षरामागून अक्षर.
बोट ठेवून ते थांबले. हसले.
"काहुल? ह्यो कंचा गाव गो?"

एक, तीन, चार म्हणजे म.
चार उठला नाही तर क.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही.
मीच म्हटलं, कडा माझी.
आठवडाभराने नवी गड्डी बसवली, आरशासारखी स्वच्छ.

जुने तुकडे अजून माझ्या खणात आहेत.
टाकायचे कुठे?
जाळले तर धुरात काच खाणारं आम्ल,
देवनारला पाठवले तर माझ्या नातवंडांनंतरही तसेच.
न सोडणाऱ्या हाताचं हेही एक आहे,
जाहिरातीत कुणी लिहीत नाही.

दुसऱ्यांदा म उठला.
काना, ह, उकार, ल.
वीज गेली, ठिपके बसले,
फिल्म विसरली, जसं ठरलं होतं.
तांडेलकाकांचं बोट मात्र तिथेच,
सपाट जागेवर.

"आता जवला लिव्ह," म्हणाले.

ज. दोन, चार, पाच.
पुन्हा चार.
मी बटणावर बोट ठेवलं
आणि थोडा वेळ दाबलंच नाही.